गच्चीवरच्या काचेच्या खोलीचं काय करायचं?

४०१ काकू: नमस्कार सगळ्यांना. सकाळी चटणीची मिरची वाळत घालायला वर गेले. काचेच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. मंडपाचे बांबू, मोडक्या खुर्च्या, कुणाचा तरी सोफा. वर्गणी काढून अडगळीची खोली बांधली होती का आपण?

सेक्रेटरी: काकू, मीटिंगला विषय घेऊ.

४०१ काकू: मागच्या मीटिंगलाही घेणारच होता.

४०४: आधी लीकेजचं बघा. त्या खोलीच्या कडेनं पाणी मुरतंय, माझ्या बेडरूमला पोपडे आलेत. फोटो टाकलाय.

तळमजला आण्णा: सोफा आमचा आहे. २०२१ च्या पुरात वर नेलेला. २०१९ ला तर काही हलवायला वेळच मिळाला नाही. ज्यांच्या घरात पाणी शिरत नाही त्यांनी अडगळ म्हणू नये.

३०२ वैनी: आण्णा, पुरात ठेवायला कोण नको म्हणतंय? पण वर्षभर?

तळमजला आण्णा: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट, म्हणजे इशारा पातळीला आलं की याल का खाली सोफा उचलायला? ४३ म्हणजे धोका पातळी झाल्यावर लिफ्टपण बंद असते.

२०१: मी येतो आण्णा. वर तांबडा-पांढरा मिळाला पाहिजे 😄

१०३: रविवारीच करूया की. भाकरी माझ्याकडं.

४०१ काकू: विषय बदलू नका.

४०४: लीकेज. फोटो परत टाकतोय.

२०३ ताई: जरा ऐका. खोली वाईट नाही, आपण ती चुकीच्या वेळी वापरतो. काचेतून ऊन आत येतं, पण तापलेल्या फरशीची उष्णता सहज बाहेर पडत नाही. म्हणून एप्रिलमध्ये अकरानंतर तिथं थांबवत नाही. वरच्या झडपा गंजून बसल्यात, त्या उघडल्या की गरम हवा वरून निघून जाईल. हिरवं नेट आतून लावलंय ते काढून बाहेरून लावा, ऊन काचेच्या आधीच अडलं पाहिजे.
उन्हाळ्यात मिरची, सांडगे, कुरडया तिथंच घाला. कबुतरं नाहीत, धूळ नाही. फक्त खिडकी फटभर उघडी ठेवा, नाहीतर ओल कोंडून बुरशी धरते. पावसाळ्यात कपडे वाळतील आणि दमट हवेत नेचे, अँथुरियम मस्त येतील. डिसेंबरच्या सकाळी आजोबा मंडळींना कोवळं ऊन, दहावीच्या पोरांना अभ्यासाला जागा.

३०१: बेंगळुरूच्या लालबागेत १८८९ साली पाया घातलेलं काचघर आहे. तिथं प्रजासत्ताक दिनाला आणि स्वातंत्र्यदिनाला फुलांचं प्रदर्शन भरतं. आपणपण २६ जानेवारीला कुंड्या मांडू की.

१०३: तिथं माळी आहेत. इथं पाणी कोण घालणार? मागच्या वर्षीच्या तुळशी कुणामुळं वाळल्या ते सगळ्यांना माहिती आहे.

३०२ वैनी: नाव घ्या ना स्पष्ट.

१०३: कुणाचं नाव घेतलेलं नाही वैनी. गैरसमज नसावा 🙏

४०४: कुंड्यांचं पाणी माझ्याच डोक्यावर येणार. आधी लीकेज.

२०३ ताई: दादा, तुमचं बरोबर आहे. काच कठड्याला टेकते तिथलं सिलिकॉन सुटलंय. मी नखानं ओढलं तर वीतभर पट्टी हातात आली. जूनच्या आत ते भरून घ्या, मगच कुंड्या, आणि प्रत्येक कुंडीखाली ताटली.

४०४: हेच सांगतोय मी कधीपासून.

तळमजला आण्णा: आणि आमचं सामान?

४०१ काकू: आण्णा, जून ते सप्टेंबर उत्तरेकडची बाजू तळमजल्यासाठी मोकळी ठेवू. तिथं कुणी काही ठेवायचं नाही, मी स्वतः बघेन. पण आता सोफा खाली न्या, त्यात उंदरानं घर केलंय.

तळमजला आण्णा: असं लिहून द्या ग्रुपवर. मग नेतो.

सेक्रेटरी: लिहिलेलंच आहे की आण्णा वर. रविवारी १० वाजता गच्चीवर मीटिंग. झडपा आणि सिलिकॉनसाठी माणूस बोलावतो.

४०४: गेल्या वेळचा नको. त्यानं नुसता रंग मारून पैसे नेले.