हतबल आहे म्हणणं म्हणजे जबाबदारी झटकणं नाही हो

वर कोणीतरी लिहिलंय की 'दारूपुढे मी हतबल आहे' असं कबूल करणं हा ख्रिश्चन लोकांचा पळपुटेपणा, सगळं देवावर ढकललं की झालं. मला नाही पटलं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट, ही कबुली त्यांच्याकडचीच) १९३५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्रनला सुरू झालं, बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोघे आधी ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीत जायचे, तिथूनच कबुली देणं, ज्याचं वाईट केलं त्याची भरपाई करणं वगैरे आलं. आता दारू सोडण्यासाठीच्या त्यांच्या बारा पायऱ्या नीट वाचा, हतबलता फक्त पहिल्या पायरीत आहे, पुढे चौथीत स्वतःच्या वागण्याचा हिशोब लिहायचा, आठवीत ज्यांना दुखावलं त्यांची यादी आणि नववीत त्यांच्याकडे जाऊन भरपाई, हे काय पळपुट्याचं काम आहे का?? बायकोसमोर, भावासमोर उभं राहून सांगून बघा एकदा.

आणि बायबलमधला प्रेषित पौल तरी काय म्हणतो, रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात, की जे चांगलं करायचंय ते होत नाही आणि नको तेच हातून होतं. पिणाऱ्या माणसाला हे समजवायला लागत नाही, तो रोज सकाळी शपथ घेतो आणि संध्याकाळी गुत्त्यावर असतो.

बाकी देव न मानणाऱ्यांची अडचण खरी आहे, पण म्हणून तर या गटाच्या १९३९ च्या पुस्तकात, पायऱ्यांमध्येच, 'आम्हाला जसा समजला तसा देव' असं घातलं. काही चर्चवाल्यांना तेच पातळ वाटतं, पण माझ्या मते त्यामुळेच बाकीच्यांना आत यायला जागा झाली.