शास्त्रज्ञ बायकांचा सत्कार आणि लगेच 'पावसाळी रॅम्प वॉक'. हे पटतं?

रबाळेची सातबावन्न
घोडबंदर रोडवरच्या एका संकुलातल्या कार्यक्रमाचे फोटो परवा आपल्या ग्रुपवर आले होते. वर मजकूर होता, 'विज्ञानातील स्त्रियांचा गौरव आणि स्टायलिश पावसाळा, बुद्धी-सौंदर्याचा संगम!' त्या फोटोत शाल पांघरून उभ्या असलेल्या तिघींपैकी एक मी. त्या पोस्टला दीडशे बदाम मिळालेत, म्हणून सविस्तर लिहिते.

रबाळे एमआयडीसीत औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधांचा दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, मी एकोणीस वर्षं आहे. मंचावर मला एकच प्रश्न आला, 'मॅडम, लॅबमध्ये जाणाऱ्या बाईनं पावसात स्मार्ट कसं दिसायचं?' तिघींना मिळून दहा मिनिटं आणि रॅम्पला पाऊण तास. खाली येऊन बसले तेव्हा कानशिलं तापली होती.

पावसात मी काय घालते ते ऐकाच. गुडघ्यापर्यंत येणारा कुर्ता, लवकर वाळणारी पँट, पायात रबरी चपला. लॅबला बंद बूट लागतात, ते लॉकरमध्ये असतात आणि त्यांत रोज संध्याकाळी वर्तमानपत्राचे बोळे कोंबते. ॲप्रन सुतीच लागतो, कारण आग लागली तर सिंथेटिक वितळून कातडीला चिकटतं. यात स्टाइल कुठे बसवू?

जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना 1933 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत आणि 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. हवामानशास्त्रज्ञ ॲना मणींनी आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या नको म्हणून एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका मागितला. पुढे पुण्याच्या वेधशाळेत हवामान मोजायची शंभरेक उपकरणं देशातच बनावीत म्हणून त्यांनी आराखडे पक्के केले. ज्या पावसासाठी तुम्ही रॅम्प मांडलात, तो मोजायची सोय करणाऱ्या बाईचं नावही त्या संध्याकाळी कुणी घेतलं नाही.

मंचामागची
ताई, मी आयोजकांपैकी आहे. तुमचा अपमान करायचा हेतू नव्हता, पण तुमचा सूर मलाही लागला. गेल्या वर्षी नुसतं व्याख्यान ठेवलं होतं. खुर्च्या ऐंशी, माणसं अकरा, त्यातली चार माझ्या घरची. या वर्षी हॉल भरला तो रॅम्पमुळे, आणि त्या भरलेल्या हॉलनेच तुमच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

आणि नटण्याचं विज्ञानाशी वाकडं कधीपासून? 2014 मध्ये मंगळयान पोचलं तेव्हाचा रेशमी साड्या नेसलेल्या, गजरे माळलेल्या बायकांचा फोटो आठवतो ना? माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. तो फोटो कापून तिने कपाटाच्या दारावर आतून लावला. पुढे ती इंजिनिअरिंगला गेली. तुमच्या ॲना मणीसुद्धा गांधीजींच्या प्रभावानं खादी वापरायच्या, म्हणजे अंगावर काय घालायचं याचा त्यांनी विचार केला होताच की.

रबाळेची सातबावन्न
त्या फोटोतल्या बायका प्रशासकीय विभागातल्या होत्या, हे नंतर इस्रोनेच सांगितलं. मोहिमेवर शास्त्रज्ञ बायका खरोखर होत्या. रितू करिधाल तर मोहिमेच्या डेप्युटी ऑपरेशन्स डायरेक्टर होत्या. पण आपल्या लक्षात राहिले ते गजरे.

खादीचं मात्र मान्य. तो मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता.

मंचामागची
गजऱ्यामुळे माझी मुलगी विज्ञानाकडे वळली असेल तर गजऱ्याचे आभारच. तुम्हाला तो क्षुल्लक वाटतो, मला नाही.

नौपाड्याचे आजोबा
दोघींनी जरा दमानं घ्या. पावसात जीन्स घालणारी पिढी बघून मला काळजी वाटते, ती सांगतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पडला. माझा मुलगा ऐरोलीहून ठाण्याला चालत आला, रात्री दीडला पोचला. मांड्या सोलवटल्या होत्या, ओल्या जीन्सनं पाऊल उचलवेना म्हणाला. शिवाय साचलेल्या पाण्यातून उघड्या जखमेनं चालू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो. असं चालावं लागलंच तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या.

चौथा मजला, बी विंग
काय घालायचं ते राहू द्या हो, ते वाळवायचं कुठे? आमच्या सोसायटीत गॅलरीत कपडे दिसले की नोटीस येते, दर्शनी भागाची शोभा जाते म्हणे! गच्चीला कुलूप. दोन मुलांचे गणवेश, सासऱ्यांचे लेंगे, माझे कुर्ते, सगळं हॉलमध्ये दोरीवर. पाहुणे आले की ओल्या बनियनखालून वाकून येतात. बुधवारी मुलगा कुबट वासाचा शर्ट घालून शाळेत गेला आणि रडत घरी आला. या विषयावर कुणी कार्यक्रम ठेवेल का?

कमिटीतला एक
ताई, तुमचीच सोसायटी की नाही ते ठाऊक नाही, पण कमिटीची बाजूही ऐका. वरच्यांच्या चादरीचं पाणी खालच्यांच्या वाळवणावर पडतं, त्यावरून आमच्याकडे हातघाई झाली होती. गच्चीवरून एका मुलानं टाकीत चप्पल टाकली, म्हणून कुलूप. ड्रायर घ्या.

चौथा मजला, बी विंग
ड्रायर घ्या?! तुम्ही घरी एक तरी रुमाल वाळत घातलाय का? टाकीला झाकण बसवायचं तर जिन्याला कुलूप लावता, आणि मग आम्हाला यंत्रं विकत घ्यायला सांगता. शोभा बघायला रस्त्यावरून कोण येतंय?

कमिटीतला एक
व्यक्तिगत बोलायचं काम नाही. मी विधुर आहे. बारा वर्षं घरचे सगळे कपडे मीच वाळत घालतो.

चौथा मजला, बी विंग
माफ करा, मला माहीत नव्हतं. पण मग तुम्हाला तर कळायलाच हवं.

नौपाड्याचे आजोबा
आमच्या चाळीत चुलीवर बांबू टांगून वाळवायचो. धुराचा वास यायचा, कुबट वास नाही.

रबाळेची सातबावन्न
चौथा मजला, हे माझ्या रोजच्या कामातलं आहे म्हणून सांगते. औषधाची पावडर 105 अंशांवर वाळवायची, आधी आणि नंतर वजन करायचं, जेवढं घटलं तेवढी ओल. जुलैत हवा बाष्पानं भरलेली असते, म्हणून कपड्यातलं पाणी लवकर उडत नाही. सुती धागा पाणी पोटात धरतो, पॉलिएस्टर जवळजवळ धरतच नाही, म्हणून गणवेशाची पँट आधी वाळते आणि बनियन मागे राहतो. कपडा बराच वेळ ओला राहिला की जिवाणू वाढतात, वास त्यांचा. मशीनमध्ये दोनदा पिळा, दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवा, पंखा खालून तिरका लावा. कपड्याला बिलगलेली दमट हवा हलली पाहिजे. हॉल बंद ठेवलात तर काही उपयोग नाही, एक खिडकी उघडी हवी.

औषधांचंही तेच. ॲस्पिरिनला ओल लागली की बाटली उघडताच व्हिनेगरसारखा वास येतो, औषध मोडायला लागलेलं असतं. पावसाळ्यात आम्ही डोळ्यात तेल घालून बसतो ते यासाठी. मंचावर मला पावसाबद्दलच विचारायचं होतं तर हे विचारायचं होतं.

मंचामागची
व्हिनेगरच्या वासाचं मला आज कळलं. घरातली जुनी बाटली उघडून पाहिली आणि फेकून दिली.

प्रश्न चुकला, हे कबूल. निवेदिकेला दोष देत नाही, प्रश्न मीच लिहून दिला होता. पण रॅम्प मी सोडणार नाही. आमच्याकडच्या साठीच्या दोघी त्या दिवशी पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घालून चारचौघांसमोर चालल्या. त्यातल्या एकीचे हात थरथरत होते, तरी छत्री उघडून फिरवलीच. त्या क्षणाला मी कमी लेखू देणार नाही.

रबाळेची सातबावन्न
त्या बाईंना मीही पाहिलं. टाळ्या वाजवल्या होत्या. रॅम्प ठेवा. आम्हाला आधी बोलवा, अर्धा तास द्या, आणि प्रश्न प्रेक्षकांकडून येऊ द्या.

मंचामागची
वीस मिनिटं.

रबाळेची सातबावन्न
तिघींना मिळून वीस? नाही.

कमिटीतला एक
चौथा मजला ताई, पंखा तिरका लावून पाहिला, फरक आहे. टाकीच्या झाकणाचा विषय रविवारच्या मीटिंगला घेतो. आमच्याच सोसायटीत असाल तर याल का?

चौथा मजला, बी विंग
सी विंगच्या तळमजल्यावर, लेटरबॉक्सशेजारी होते ती मीटिंग का? मग आपण एकाच सोसायटीत आहोत. येते. सह्यांचा कागद घेऊन येते, अठ्ठावीस झाल्यात.