जालन्याहून आई-बाबा लंडनला येतायत: रविवारी चर्च, मग पार्क. तयारी काय करायची?

जालना_ते_लंडन:
सगळ्यांना जय ख्रिस्त. आई (६३) आणि बाबा (६८) मेच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत इथं राहायला येतायत. दोघंही सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीचे सभासद, प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी) घेणारे. इंग्रजी वाचता येतं, भरभर बोललेलं समजत नाही. ऊन पडेल त्या रविवारी सकाळची उपासना आणि तिथूनच पार्कात डबा खायला जायचं, असा बेत आहे. चर्चमध्ये त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आधी काय सांगून ठेवू? आणि डब्याला धपाटे चालतील का? बाबा आतापासूनच विचारायलेत, पायताण कुठं काढायचं म्हणून.

बेथेलचा_पिंपळ:
पायताण काढायचंच नाही, हे पहिलं. सतरंजी नसते, बाकावर बसायचं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला असंही नाही. दोघांनी शेजारी बसावं. पदर घेतला तरी चालतं, नाही घेतला तरी चालतं.

सीएनआय अँग्लिकन परिवारातली आहे, त्यामुळं चर्च ऑफ इंग्लंडमध्ये प्रभुभोजन घ्यायला आडकाठी नाही. दारात कुणी दाखला मागत नाही. तरी साडेपाच महिन्यांचा मुक्काम आहे, तर पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचं पत्र इंग्रजीत घेऊन ठेवा. कुणी आजारी पडलं आणि घरी प्रभुभोजन हवं असलं, तर ते पत्र कामाला येतं.

जवळचं चर्च 'अ चर्च निअर यू' या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की सापडतं. वेळ बघताना उपासनेचा प्रकारही बघा. सकाळी ८ची उपासना सहसा १६६२च्या प्रार्थनापुस्तकातल्या जुन्या इंग्रजीत, गीतांशिवाय असते. आई-बाबांसाठी १० किंवा साडेदहाची बरी: गीतं असतात, तास-सव्वा तासात संपते. दारात कागद किंवा पुस्तिका देतात. त्यात ठळक अक्षरांत छापलेलं तेवढं मंडळीनं म्हणायचं, बाकीचं पाळक म्हणतात. हे एवढं कळलं की भरभर इंग्रजीची भीती निम्मी जाते. त्या दिवसाचे शास्त्रपाठ कागदावर असतातच. फोनमधल्या मराठी पवित्र शास्त्रात तेच अध्याय उघडून ठेवायचे. प्रभूची प्रार्थना खुशाल मराठीत म्हणावी, हळू आवाजात.

मध्येच सगळे एकमेकांना हात मिळवत फिरतात. ती शांतीची भेट, उपासना संपलेली नसते. (नवीन माणसं इथंच निघायला म्हणून आपली पर्स उचलतात.) हात नको असेल तर नमस्कार चालतो.

प्याल्यात खरा द्राक्षारस असतो, आंबवलेला. आपल्याकडं प्याल्यात सरबत असतं, त्याची सवय असलेल्याला पहिला घोट चटका देतो. नुसती भाकर घेतली तरी प्रभुभोजन पूर्ण मानतात. प्याला आला की मान हलवून पुढं सरकायचं. भाकर स्वतःच्या हातानं प्याल्यात बुडवू नये. प्रभुभोजन घ्यायचंच नसेल तर पुढं जाऊन दोन्ही हात छातीवर आडवे ठेवायचे, आशीर्वाद देतात.

खाम_काठ:
वरच्यात दोन भर. मेथडिस्ट चर्च जवळ असेल तर तिथं न आंबवलेला द्राक्षरस असतो, बहुतेक छोट्या छोट्या पेल्यांत. ज्यांना दारूचा थेंब नको त्यांनी तिकडं जावं. रोमन कॅथलिक चर्चमध्ये मिस्साला (त्यांच्या उपासनेला) बसता येतं, पण सीएनआयवाल्यांनी तिथं प्रभुभोजन घ्यायचं नाही.

दानासाठी यूपीआय विसरा. थाळी फिरते किंवा दाराशी कार्ड टेकवायचं यंत्र असतं. भारतातल्या कार्डावर परदेशी व्यवहाराचं शुल्क लागू शकतं, म्हणून पौंडाची नाणी जवळ ठेवा. कुणी नातेवाइकांनी जुन्या कागदी नोटा दिल्या असतील तर त्या दुकानात चालत नाहीत. २० आणि ५० पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनातून गेल्या. बसमध्ये रोकड घेतच नाहीत, आणि एका कार्डावर दोघांचं भाडं कापलं जात नाही. आईला वेगळं कार्ड, बाबांना वेगळं. रविवारी रेल्वेच्या दुरुस्तीची कामं निघतात, शनिवारी रात्री मार्ग तपासून झोपा.

ज्वारी_आणि_जवस:
धपाटे चालतील काय, पार्कासाठी त्याच्यापेक्षा सोयीचं काही नाही. अडचण पिठाची येते. इथं पाकिटातलं ज्वारीचं पीठ बऱ्याचदा जुनं असतं, विरी गेलेली असते; थापताना कडा फाटतात. २ वाट्या ज्वारीचं पीठ असेल तर त्यातल्या निम्म्यावर उकळतं पाणी ओतून १० मिनिटं झाकून ठेवा, मग उरलेलं पीठ, अर्धी वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन, लसूण-जिरं-मिरचीचं वाटण, तीळ, ओवा, हळद, मीठ आणि कोथिंबीर घालून मळा. ओल्या रुमालावर थापा, मध्ये भोकं पाडून तेल सोडा. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा तवा तापणारच नाही. सपाट बुडाचा लोखंडी घ्या.

ठेच्यासाठी मिरच्या भाजताना स्वयंपाकघराचं दार लावा, खिडकी उघडा, नाहीतर धुराचा भोंगा सगळ्या इमारतीला जागं करील. गरम धपाटे डब्यात कोंबले की वाफेनं ओले होतात. जाळीवर पूर्ण गार करा, सुती फडक्यात गुंडाळा, मग डबा.

आता महत्त्वाचं. उपासनेनंतर चहा असतो, कधीकधी सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणायचं जेवणही असतं. तिथं धपाटे, ठेचा, चटणी ठेवणार असाल तर चिठ्ठी लावाच: 'शेंगदाणे, तीळ, गहू आहे'. आपल्या मराठवाड्याच्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कशात नसतं? इथं शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. दाणे आणि तीळ दोन्ही सरकारच्या १४ ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत आहेत. ठेच्याचा चमचा वेगळा ठेवा.

जालन्याहून येताना येसूर, काळा मसाला, जवसाची चटणी आणू द्या. तूप, पेढे, खवा नको, दुधाचे पदार्थ भारतातून आणायला बंदी आहे. केसर आंबे आणायचे असतील तर आधी इथल्या सरकारी संकेतस्थळावर नियम बघून घ्या.

जालना_ते_लंडन:
आईचा जीव तुपात अडकलाय, तिला हे कसं सांगू! बाकी सगळं लिहून घेतलं. पार्कातलं अजून कुणी सांगेल का? रिचमंड पार्क आणि हाइड पार्क डोळ्यासमोर आहेत.

खाम_काठ:
दोन्हीकडं शेगडी किंवा बार्बेक्यू पेटवायला मनाई आहे, डबा घरूनच न्या. रविवारी मोठी दुकानं, म्हणजे २८० चौरस मीटरच्या वरची, १० ते ६ मध्ये सहाच तास उघडतात. चर्चला जाता जाता काही घेऊ म्हणाल तर दार बंद. शनिवारीच उरका.

हाइड पार्कात कापडी आरामखुर्च्या मांडलेल्या दिसतील, त्या भाड्याच्या असतात. बाकडी आणि गवत फुकट. बाबांना वादविवाद आवडत असतील तर मार्बल आर्चकडच्या कोपऱ्यात, स्पीकर्स कॉर्नरला, रविवारी भाषणं चालतात.

रिचमंडला हरणं मोकळी फिरतात. ५० मीटर लांब राहायचं, खायला काही द्यायचं नाही. मे ते जुलै पाडसांचे दिवस. गवतात पाडस एकटं दिसलं तरी जवळ जाऊ नका, आई आसपासच असते. उंच गवतात गोचीड असतात. सतरंजी कापलेल्या गवतावर टाका, पायमोजे घाला, घरी आल्यावर गुडघ्यामागं बघा. गोचीड चिकटलेली सापडली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडेपेटी असले उपाय नकोत.

बेथेलचा_पिंपळ:
उन्हाचं राहिलं. जालन्याचं ऊन भाजतं म्हणून माणूस आपोआप सावली धरतो. इथं २२ अंश आणि वारा, त्यामुळं ऊन लागतंय हे कळतच नाही. ११ ते ३ झाडाखाली बसा, टोपी घाला, पाणी पीत राहा. दगडी चर्च मात्र जूनमध्येही आत गार असतं, शाल पिशवीत हवीच. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या पुढं मावळतो. संध्याकाळ झाली नाही म्हणून बाबा जेवायला उठणार नाहीत, तर घड्याळ दाखवा.

उपासना संपून १२ला जालन्यात फोन लावला तर तिथं साडेचार वाजलेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे २ वाजता घड्याळं एक तास मागं जातात, मग हा फरक साडेपाच तासांचा होतो. फोन आपोआप बदलतो, बाबांचं मनगटावरचं घड्याळ बदलत नाही. त्या दिवशी ते तासभर आधीच तयार होऊन बसतील.

जुलैअखेर शाळांना सुट्ट्या लागल्या की बऱ्याच ठिकाणी संडेस्कूल नि गायकवृंद सप्टेंबरपर्यंत बंद असतात. कधी दोन-तीन चर्चची मिळून एकच उपासना असते, तीही दुसऱ्या इमारतीत. आदल्या दिवशी संकेतस्थळ बघावं. सुगीचा सण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. आपल्याकडं ज्वारीची पोती, भोपळे, कोंबड्या येतात. इथं गरजूंसाठी डबाबंद आणि पाकिटातलं अन्न मागतात. आईला सांगा, २ किलो तांदूळ किंवा डाळीचं बंद पाकीट न्यायचं, घरचं सुटं धान्य नाही.