पांढरा थर, न शिजणारी डाळ आणि सोसायटीचे पाणी: सॉफ्टनर घ्यावा काय?

प्रश्न – गच्चीवरची टाकी (पाचगाव रस्ता)

नमस्कार. आमची सोसायटी अठरा सदनिकांची आहे. नळाला दिवसाआड पाणी येते, उरलेली गरज बोअरवर भागते, आणि दोन्ही पाणी एकाच जमिनीखालच्या टाकीत पडून तेथून गच्चीवर चढते. गेल्या उन्हाळ्यापासून शॉवरची जाळी महिन्याभरात बुजते, गीझरची कॉइल दोनदा बदलावी लागली, आणि तूरडाळ सहा शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली येते.

मागच्या रविवारी एक विक्रेता आला होता. त्याने आमच्या पाण्यात मीटर बुडवून ६४० हा आकडा दाखवला. मग एका पेल्यात आमचे पाणी आणि दुसऱ्यात आरओचे पाणी घेऊन दोन्हींत विजेच्या सळ्या सोडल्या. आमच्या पेल्यात दोन मिनिटांत तपकिरी-हिरवट गाळ तरंगू लागला, तो पाहून सासूबाईंनी त्या दिवसापासून जार मागवायला सुरुवात केली. नळाचे पाणी खरोखरच इतके बिघडले आहे काय? मुतखड्याची भीती कितपत खरी आहे? आणि पाण्याचा जडपणा घालवणारा सॉफ्टनर सोसायटीने घ्यावा की घरोघरी आरओ?

उत्तर – परीक्षानळी

ताई, सळ्यांचा तो प्रयोग मनातून काढून टाका. एका सळीत लोखंड असते, वीज सोडली की तेच विरघळते, आणि पेल्यात दिसणारा गाळ हा त्या सळीचा गंज असतो. आरओच्या पाण्यात क्षार नगण्य असल्यामुळे वीज फारशी वाहत नाही, म्हणून तो पेला स्वच्छ राहतो. त्याच पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगितले असते, तर विक्रेत्याने पेटी आवरली असती.

मीटरवरचा ६४० हा आकडा टीडीएसचा, म्हणजे एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज असतो. त्यावरून पाणी किती जड आहे हे कळत नाही. जडपणा कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे येतो आणि तो प्रयोगशाळेत वेगळा मोजावा लागतो. आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकानुसार जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत आणि टीडीएस ५०० पर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर अनुक्रमे ६०० आणि २००० पर्यंत चालवून घेतले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही, त्यामुळे मुतखड्याचे खापर थेट पाण्यावर फोडता येत नाही. डाळीचे मात्र खरे आहे: कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिन या पदार्थाला घट्ट धरून ठेवते, म्हणून ती मऊ पडत नाही.

माझा संशय नळावर नसून बोअरवर आहे. धरण-नदीचे पाणी हे बहुतांशी घाटमाथ्यावरचे पावसाचे पाणी असते आणि खडकाशी त्याचा संबंध थोडाच येतो. बोअरचे पाणी बेसॉल्टच्या भेगांतून दीर्घकाळ मुरत आलेले असते, आणि उन्हाळ्यात पातळी खाली गेली की ते अधिकच जड लागते. तेव्हा टाकीतले मिश्र पाणी तपासू नका. नळाचे पाणी टाकीत पडण्यापूर्वी एका बाटलीत आणि बोअरचे दुसऱ्या बाटलीत घ्या, दोन्हींत साध्या साबणाचा सारखाच कीस घालून हलवा. ज्यात फेस कमी, ते पाणी जड. शाम्पू किंवा डिटर्जंट घेऊ नका, ते जड पाण्यातही फेस देतात.

उत्तर – उजळाईवाडीचा सचिव

आमच्या सोसायटीने सॉफ्टनर बसवला, म्हणून अनुभवाचे दोन शब्द. तो कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो. जडपणा १०० मिलिग्रॅमने उतरला की साधारण ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढते, आणि टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. मिठाची पोती कोणी आणायची, यावरून आमच्या दोन वार्षिक सभा गाजल्या. कुंड्यांतली झाडे सुकू लागली ती वेगळीच. शेवटी आम्ही टाक्याच वेगळ्या केल्या: नळाचे पाणी स्वयंपाकघराला, बोअरचे संडास आणि धुण्यापुसण्याला. तो खर्च सॉफ्टनरच्या आधी केला असता तर बरे झाले असते.

उत्तर – ओटीची बाटली

वरील दोघांशी सहमत आहे, परंतु मऊ पाणी म्हणजे सुरक्षित पाणी नव्हे. नळाच्या पाण्यात ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन शिल्लक असावे लागते. ग्रामपंचायतीचे कर्मचारी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर ओटी (ऑर्थोटोलिडीन) या द्रावणाची चाचणी घेतात. नळीतल्या पाण्यात त्याचे थेंब टाकताच पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे असे समजावे. ही चाचणी आपल्या स्वयंपाकघरातल्या नळावर करून घ्या, कारण जमिनीखालच्या टाकीत दोन दिवस पडून राहिलेल्या पाण्यातले क्लोरीन उडून गेलेले असू शकते. शिवाय उपनगरांत जेथे सेप्टिक टँक आणि शोषखड्डे आहेत, तेथे बोअरच्या पाण्यातले नायट्रेट अवश्य तपासावे. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि पाणी उकळून ते जात नाही, उलट आटल्यामुळे थोडे वाढते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. काल पहाटे पाणी सुटल्यावर पाइपलाच बाटली लावली. नळाच्या पाण्याला बोटभर फेस आला, बोअरच्या बाटलीत मात्र नासलेल्या दुधासारखी कणी तरंगत राहिली. सासूबाईंना दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून दाखवल्या आणि नळाच्या पाण्यात डाळ लावली. ती तीन शिट्ट्यांत शिजली. जार बंद झाला आहे. बोअरचा नमुना नायट्रेटसाठी सोमवारी प्रयोगशाळेत देणार आहोत, आणि गच्चीवरची टाकी दुभागून घेण्यासाठी प्लंबर पाहून गेला आहे. एकच शंका उरली आहे: सोलरला सध्या मिश्र पाणी जाते, तर ती जोडणीही नळाच्या टाकीवर घ्यावी काय?

उत्तर – उजळाईवाडीचा सचिव

अवश्य घ्या, आणि तीच आधी घ्या. पाणी तापले की विरघळलेले बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन पाइपात बसते, त्यामुळे थर सर्वांत जास्त तेथेच धरतो. शॉवरची जाळी मात्र रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजत ठेवा, नवी आणू नका.