मदत हवी आहे: लँकेशरमधल्या घराण्याच्या शोधासाठी कोणती साइट घ्यावी?

नमस्कार मंडळी. माझ्या सासूबाई इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातल्या बर्नली गावच्या. त्यांचे आजोबा-पणजोबा तिथल्या गिरण्यांमध्ये विणकर होते. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला त्यांच्या हातात वंशावळ द्यायची मनापासून इच्छा आहे.

फ्रीबीएमडी, फॅमिलीसर्च, लँकेशर ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स ही फुकटातली ठिकाणं बघून झाली. जनरल रजिस्टर ऑफिसची (तिथलं सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय) ऑनलाइन जन्मसूची तर फारच कामाची. तिच्यात १८३७पासून, म्हणजे सरकारी नोंदणी सुरू झाली तेव्हापासून, आईचं माहेरचं आडनाव मिळतं. जुन्या तिमाही सूच्यांत ते १९११च्या सप्टेंबर तिमाहीपासून पुढेच आहे. एकाच नावाची चार मुलं एकाच गावात जन्मली असली, की या आडनावावरूनच आपलं कोणतं ते कळतं.

आता पैसे भरायचे आहेत. अँसेस्ट्री घेऊ की फाइंडमायपास्ट? १९२१ची जनगणना आणि १९३९चं रजिस्टर (युद्धाच्या सुरुवातीला केलेली लोकांची यादी) मला हवंच, कारण १९३१चे कागद १९४२मध्ये जळाले आणि १९४१ला युद्धामुळे जनगणना झालीच नाही.

खरं घोडं अडलंय ते १८३७च्या आधी. घराणं मेथडिस्ट, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळ्या झालेल्या पंथाचं. त्यांची लग्नं कायद्यामुळे पॅरिश चर्चमध्ये (चर्च ऑफ इंग्लंडच्या गावातल्या चर्चमध्ये) लागली, म्हणून ती सापडतात, पण मुलांचे बाप्तिस्मे पंथाच्या चॅपलमध्ये झालेले दिसतात. चॅपलच्या वह्यांची मूळ पानं वाचता येतील अशी साइट कोणती? नुसत्या उतरवून घेतलेल्या नोंदींवर माझा भरवसा नाही. कुणी लँकेशरचं काम केलं असेल तर स्वतःचा अनुभव जरूर सांगा.

एक शाखा स्कॉटलंडमधल्या डंडीला गेली होती, त्यासाठी स्कॉटलंड्सपीपल या साइटवर क्रेडिट घेईनच.