‘डिफेंडर’मध्ये कथानकाचं एकही वाक्य नाही, तरी गोष्ट कळते. ती असते कुठे?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी. मी पुण्यात गेम डिझाइन शिकतोय, दुसरं वर्ष. या सत्रात चौघांनी मिळून एक छोटा खेळ करायचा आहे. एक यान, परग्रहावरचे हल्लेखोर, आडवा सरकणारा पडदा. जागा लोणारची घेतली आहे, म्हणजे सरोवर, भोवतीचा कडा, वर पठार.

आमच्यातल्या एकाने सुरुवातीला वर सरकत जाणारा मजकूर लिहिलाय. कुठल्या साली काय घडलं, हल्लेखोरांचं साम्राज्य कुठलं, आपला वैमानिक कोण, त्याच्या वडिलांचं काय झालं. त्याने मनापासून लिहिलाय आणि चांगला लिहिलाय. पण वर्गातल्या मुलांना खेळ दिला तर सगळ्यांनी बटण दाबून तो उडवला. खेळून झाल्यावर कथा विचारली तर कोणालाच सांगता आली नाही.

सरांनी जुने आर्केड खेळ, म्हणजे नाणं टाकून मशीनवर खेळायचे खेळ, बघायला सांगितले. म्हणून १९८१ चा विल्यम्स कंपनीचा ‘डिफेंडर’ एम्युलेटरवर (जुन्या मशीनचे खेळ संगणकावर चालवणारा प्रोग्राम) खेळलो. फार अवघड आहे, पण त्यातली ती जमिनीवरची माणसं डोक्यातून जात नाहीत. चार ठिपके एकावर एक ठेवलेत, चेहरा नाही, नाव नाही. तरी एकाला लँडर, म्हणजे हल्लेखोरांचं यान, उचलून नेत होता तेव्हा माझा जीव वरखाली झाला. आमच्या वैमानिकाच्या वडिलांबद्दल मात्र कोणालाच काही वाटलं नाही.

तर या खेळात खरंच गोष्ट आहे का? असेल तर ती नेमकी कुठे ठेवली आहे?

उत्तररात्र

गोष्ट आहे, आणि ती नियमांत आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण हा खेळ मला फार प्रिय आहे.

मी शिकागोच्या उपनगरात राहते. विल्यम्स इथलीच कंपनी. जवळच्या एका आर्केडमध्ये ‘डिफेंडर’चं मूळ कॅबिनेट अजून चालू आहे आणि लॅबमधली पाळी संपली की मी पुष्कळदा तिथे जाते. एम्युलेटरवर एक गोष्ट हाताला कळत नाही. मूळ मशीनवर दांडी फक्त वर-खाली जाते. पुढे जायला वेगळं बटण, गोळीला वेगळं, पडद्यावरचे सगळे शत्रू उडवणाऱ्या स्मार्ट बॉम्बला वेगळं, एकदम दुसरीकडे उडी मारायच्या हायपरस्पेसला वेगळं. आणि मागे वळायलासुद्धा वेगळं. म्हणजे पाठीमागे कोणी संकटात सापडलं की ‘वळू की नको’ हे ठरवून बोट दाबावं लागतं. दांडी सहज मागे ओढली आणि वळलो, असं होत नाही. माझ्या मते गोष्ट तिथूनच सुरू होते.

याआधी काय होतं ते बघ. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये अकरा-अकराच्या पाच रांगा, ५५ हल्लेखोर. आपल्याकडे एक तोफ आणि आडोशाला चार भिंती. हल्लेखोर कमी होत जातात तसे उरलेले वेगाने चालतात. मुळात प्रोसेसरला कमी आकृत्या काढाव्या लागायच्या म्हणून ते घडलं, आणि खेळ रचणारे तोमोहिरो निशिकादो यांनी ते तसंच ठेवलं. त्यामुळे शेवटचा एकटा हल्लेखोर सगळ्यात भयंकर वाटतो. तो खाली पोचला की आपले कितीही जीव शिल्लक असोत, खेळ खलास. भीती पूर्ण आहे. पण जपायला आपल्या तोफेपलीकडे काही नाही.

१९८० च्या ‘मिसाइल कमांड’ने सहा शहरं दिली. डेव्ह थ्युरर यांचा खेळ. त्यात जिंकताच येत नाही, आणि शेवटी पडदाभर ‘द एंड’ येतं. तो खेळ थोर आहे. पण शहर जागचं हलत नाही, ते वाचतं किंवा जळतं.

यूजीन जार्व्हिस आणि मंडळींनी ‘डिफेंडर’मध्ये काय केलं? जमिनीवर दहा माणसं सोडली. लँडर खाली येतो, एकाला धरतो, सावकाश वर नेतो. हा ‘सावकाश’ फार महत्त्वाचा. तेवढ्या वेळात तुला निवड करायची असते. समोर बॉम्बर पेरत चाललेले सुरुंग आहेत, मागे माणूस चाललाय. गेलास आणि लँडर पाडलास तर माणूस खाली पडायला लागतो. उंचावरून पडला तर मरतो. हवेतच झेललास तर ५०० गुण, जमिनीवर नेऊन ठेवलास तर आणखी ५००. आणि घाईत मारलेली तुझी स्वतःची गोळी त्यालाच लागली तर तोही तुझ्या हातून गेला. मशीन त्यावर काही बोलत नाही. बोलायची गरजच नसते.

लँडर माणसाला घेऊन वर पोचला तर दोघं मिळून म्यूटंट नावाचा नवा शत्रू होतात आणि तो वेडावाकडा उडत तुझ्यावरच येतो. ज्याला वाचवायला तू गेला नाहीस, तोच आता तुझ्या मागे लागलाय. एवढं सांगायला लेखकाला प्रकरण खर्च करावं लागलं असतं. इथे तो एक नियम आहे, आणि खेळणाऱ्याला तो पहिल्या दोन-तीन मिनिटांत कळतो.

दहाही माणसं गेली की ग्रह फुटतो. खालची डोंगररेषा नाहीशी होते, उरलेले सगळे लँडर म्यूटंट होतात. आणि खेळ तिथे थांबत नाही! रिकाम्या अवकाशात तू लढत राहतोस. शत्रूंच्या दर पाचव्या लाटेला ग्रह आणि माणसं परत मिळतात, तोवर तग धरायचा. हरल्यावरही जगावं लागतं, असं सांगणारा एवढा जुना दुसरा खेळ मला माहीत नाही.

आता तुमच्या मजकुराबद्दल. दुष्ट साम्राज्य, शेवटचा वैमानिक, अमुक साल ही सगळी या प्रकारची जुनी रीत आहे. तिची जागा होती जाहिरातीच्या पत्रकात आणि कॅबिनेटच्या चित्रांत. जाता जाता माणसाने थांबावं आणि नाणं टाकावं एवढ्यासाठी. ‘डिफेंडर’ नाणं पडण्याआधी पडद्यावर काय दाखवतो ते पाहिलंस का? लँडर माणूस उचलतो, यान लँडर पाडतं, माणसाला झेलतं, खाली ठेवतं. मग शत्रूंची नावं आणि गुण. झाली प्रस्तावना.

मधलीआळी

उत्तररात्र यांचं बरंचसं पटलं, पण लिहिलेल्या कथेवर त्या अन्याय करताहेत. मी ‘झेवियस’च्या बाजूने बोलतो.

नाशिकला नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत टीव्हीला जोडायचा गेम एका घरी होता आणि त्यात घालायची खेळांची काडतुसं सगळ्यांची मिळून. अवकाशातले गोळीबाराचे खेळ मी तिथे शिकलो. ‘झेवियस’ नीट कळला तो पुढे, पण त्याने माझं मत कायमचं बदललं. नामको कंपनीचा खेळ, मासानोबू एंदो यांनी रचलेला, अमेरिकेत १९८३ मध्ये अटारीने आणला. एंदोंनी त्याच्यासाठी जगाचा सविस्तर इतिहास लिहिला होता. आपल्या यानाला नाव आहे सोल्वालू. प्रत्येक शत्रूला नाव आहे. यातलं जवळजवळ काहीच खेळताना पडद्यावर येत नाही.

तरी ते जाणवतं. खाली जंगल, नदी, मग वाळवंट, आणि वाळवंटात पेरू देशातल्या नाझ्कासारखी पक्ष्याची प्रचंड रेषाकृती. कोणी समजावत नाही. आपण नुसते वरून उडत जातो आणि मनात येतं, हे लोक इथे फार पूर्वी येऊन गेलेत. काही ठिकाणी जमिनीत लपलेले मनोरे आहेत. दिसत काहीच नाही, पण नेमक्या जागी बॉम्ब टाकला की वर येतात. शत्रूही सगळे अंगावर येत नाहीत. टोरॉइड नावाचा शत्रू तुमच्या रेषेत आला की वळून पळतो. त्यामुळे ते जिवंत वाटतात, त्यांना स्वतःचे बेत आहेत असं वाटतं.

माझं म्हणणं इतकंच की ज्याने मजकूर लिहिला त्या मित्राला गप्प बसवू नका. त्याने ठरवलेल्या इतिहासामुळेच चित्रं एकमेकांशी जुळतील. फक्त तो मजकूर खेळणाऱ्याला वाचायला लावू नका.

उत्तररात्र

मधलीआळी, तुमचा मुद्दा बिनचूक आहे. नाझ्काच्या पक्ष्याबद्दल तर मी तुमच्याशी कधीच भांडणार नाही. मी लिहिलेल्या इतिहासाविरुद्ध नाही, तो खेळाच्या दारात अडवून वाचायला लावण्याविरुद्ध आहे.

याचं तिसरं उदाहरण सांगते. १९८७ चा इरेम कंपनीचा ‘आर-टाइप’. ‘दुष्ट बायडो साम्राज्यावर तुटून पडा’ हीच त्याची घोषणा, अगदी ठोकळेबाज. पण आपल्या यानासमोर जो गोळा जोडला जातो, फोर्स, तो बायडोच्याच द्रव्यापासून बनवलाय. त्याच्याशिवाय पुढे जाणं जवळपास अशक्य. तो पुढे लावा, मागे लावा, सोडून द्या, बोलवा. म्हणजे ज्याला संपवायचं त्याच्याच तुकड्यावर आपली सगळी भिस्त. पुढे २००३ च्या ‘आर-टाइप फायनल’पर्यंत येता येता बायडो माणसानेच भविष्यात बनवलेलं अस्त्र होतं, हे मालिकेत उघड होतं. ते वाचून मला धक्का बसला नाही. हाताला ते आधीच माहीत होतं.

कोरीपाटी

ताई, दादा, दोघांचेही मनापासून आभार. आज चौघं बसलो. मजकूर काढला, पण फेकला नाही. मित्राकडेच राहील आणि देखावे तोच ठरवणार. कड्यावर, देवळांच्या आसपास काही माणसं ठेवायची आणि हल्लेखोर त्यांना उचलून सरोवराच्या मध्यावर नेणार, असं ठरतंय.

दोन अडचणी आहेत. एक, आमचा पडदा लहान, मोबाइलवरही चालायला हवा. पडद्याबाहेर माणूस उचलला गेला तर कळणार कसं? दोन, एक मैत्रीण म्हणते माणसांना नावं देऊ, म्हणजे जीव लागेल. द्यावी का?

उत्तररात्र

पडद्याबाहेरचं दोन प्रकारे कळव. ‘डिफेंडर’मध्ये वर स्कॅनरची पट्टी आहे, त्यात अख्खं जग ठिपक्यांत दिसतं. ती पट्टी शोभेची नाही, खेळणारा निम्मा वेळ तिच्याकडेच बघत असतो. आणि माणूस उचलला की वेगळा आवाज होतो. तो आवाज बाकी कशालाच वापरू नका. गोळ्या, स्फोट, गुण सगळे एका जातीचे आवाज ठेवा, आणि हा एक त्यातून वर ऐकू आला पाहिजे. मोबाइलवर लोक आवाज बंद करून खेळतात, म्हणून पट्टीत तो ठिपका लुकलुकू दे.

नावं देऊ नका. खेळणाऱ्याच्या हाती काम द्या. ‘डिफेंडर’मध्ये झेललेला माणूस जमिनीला टेकेपर्यंत यानाखाली लटकून राहतो. त्याला घेऊन तू लढू शकतोस, पळू शकतोस. तेवढ्या वेळात तो तुझा होतो. जार्व्हिस आणि लॅरी डेमार यांनी १९८२ च्या ‘रोबोट्रॉन: २०८४’मध्ये शेवटचं माणसाचं कुटुंब ठेवलं. आई, बाप, मुलगा, इतकंच. नुसता स्पर्श केला की वाचतात. जीव लागतो तो त्यांच्यापर्यंत पोचायला गर्दीतून वाट काढावी लागते म्हणून.

सरोवराच्या मध्यावर नेण्याची कल्पना मला फार आवडली, कारण सगळ्या कडेपासून मध्य सारखाच दूर. कुठूनही उचललं तरी खेळणाऱ्याला तेवढाच वेळ मिळेल. फक्त त्या वाटेचा वेग आधी ठरवा, बाकी सगळं नंतर. फार झटपट नेलं तर निवड उरत नाही, फार रेंगाळलं तर घाई उरत नाही. वेग बदलत बदलत नव्या माणसांना खेळायला द्या आणि बघा कोण मागे वळतं. निम्मे लोक वळले आणि निम्मे नाही, अशा जागी आलात की तो आकडा पक्का करा.

आणि मध्यावर पोचल्यावर त्या माणसाचं काय होतं, ते मित्राला विचारा. तिथे त्याचा इतिहास लागेल.