मदत हवी आहे: स्विचवर पोर्ट मॉनिटरिंग लावलंय, पण कॅप्चरवर भरवसा ठेवू का?

नमस्कार मंडळी,

सिस्को कॅटॅलिस्ट स्विच आहे. २४ नंबरच्या पोर्टवरून फायरवॉलकडे ट्रंक (एकाच तारेवर अनेक व्हीलॅन, म्हणजे वेगळी केलेली आभासी नेटवर्कं, नेणारा दुवा) जातो, त्यावर डेटाचा व्हीलॅन १० आणि आयपी फोनचा व्हीलॅन २०. बाहेरच्या कॉलवर समोरच्याचा आवाज मध्येच तुटतो. पॅकेट स्विचच्या अलीकडे गळतात की पलीकडे, एवढंच शोधायचंय. म्हणून २४ वरच्या ट्रॅफिकची नक्कल १० नंबरच्या पोर्टवर पाठवणारं हे मॉनिटरिंग लावलं:

मॉनिटर सेशन १ सोर्स इंटरफेस गिगाबिट १/०/२४ बोथ
मॉनिटर सेशन १ डेस्टिनेशन इंटरफेस गिगाबिट १/०/१०

१० वर वायरशार्कचा (पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लॅपटॉप आहे. कॅप्चर होतंय, पण व्हीलॅनचे टॅग (पॅकेट कुठल्या व्हीलॅनचं ते सांगणारी खूण) कुठेच दिसत नाहीत. शिवाय लॅपटॉपचं स्वतःचं नेटवर्क गेलं, शो इंटरफेसमध्ये त्या पोर्टचा लाइन प्रोटोकॉल 'डाउन (मॉनिटरिंग)' येतो. हे चालायचंच का?

खरी अडचण वेगळीच आहे. गर्दीच्या वेळी वायरशार्क 'अ‍ॅक्ड अनसीन सेगमेंट'चा नुसता पाऊस पाडतं, खाली ड्रॉप (सांडलेली पॅकेटं) मात्र शून्य दाखवतं. मग आरटीपीमध्ये (कॉलचा आवाज नेणारा प्रोटोकॉल) दिसणारी गळती खरी धरायची की कॅप्चरचीच?

प्रतिसाद:
डाउन दिसणं बरोबर आहे. डेस्टिनेशन पोर्ट नेहमीची ट्रॅफिक घेत नाही. लॅपटॉपकडून येणारी ट्रॅफिक आत घेणारा इनग्रेस पर्याय आहे, पण लॅपटॉपला दुसरं नेटवर्क कार्ड लावलेलं बरं. टॅगसाठी डेस्टिनेशनच्या ओळीपुढे 'एन्कॅप्सुलेशन रेप्लिकेट' जोडा, म्हणजे नक्कल टॅगसकट जाईल. तरी दिसले नाहीत तर विंडोजचा कार्ड ड्रायव्हर ते काढून टाकत असणार, लिनक्सवर करून बघा.

'अ‍ॅक्ड अनसीन' म्हणजे ज्याला पॅकेट हवं होतं त्याला ते मिळालं, पोचपावतीही गेली, फक्त तुमच्या कॅप्चरला दिसलं नाही. कारण सरळ आहे: गिगाबिट पोर्टच्या दोन्ही दिशा मिळून २ गिगाबिटपर्यंत जातात, १० नंबरमधून बाहेर पडतो १ गिगाबिट. उरलेलं स्विच गुपचूप टाकून देतो. वायरशार्कचा शून्य हा फक्त लॅपटॉपवर काय सांडलं त्याचा हिशोब, त्याला स्विचमधलं काय कळणार! १० वरचे 'टोटल आउटपुट ड्रॉप्स' वाढतायत का बघा, आणि 'मॉनिटर सेशन १ फिल्टर व्हीलॅन २०' लावून फक्त आवाजाचीच ट्रॅफिक घ्या. ड्रॉप्स जागेवर राहिले आणि तरी आरटीपीचे सीक्वेन्स नंबर (पॅकेटचे अनुक्रमांक) तुटले, तर गळती खरी.

मूळ धागाकर्ता:
आभारी आहे. फिल्टर लावल्यावर आउटपुट ड्रॉप्स थांबले. रेप्लिकेटनंतर टॅगही आले. सीक्वेन्स नंबर मात्र अजून तुटतात, तेही फक्त फायरवॉलकडून आत येणाऱ्या स्ट्रीममध्ये. २४ वर इनपुट एररही नाहीत. म्हणजे पॅकेट स्विचपर्यंत पोचायच्या आधीच हरवतंय. फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूला असंच कॅप्चर कुणी केलंय का? तिथे मधे स्विच नाही, त्यामुळे अशी नक्कल घेता येत नाही.